भीतीचे गैरसमज, आशेचे गैरसमज

ठाण्याला नौपाड्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी आणि माझी भाची बसलो होतो. तिच्या डोळ्यांत थेंब घालून झाले होते आणि वीस मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. ती २४ वर्षांची आहे, कल्याणला पारनाक्याजवळ राहते, रोज वागळे इस्टेटला नोकरीला येते. नंबर उणे पाच. लेझर करून घ्यायचं तिच्या मनाने घेतलं होतं आणि आमच्या घरात लेझर झालेला माणूस मी एकटाच, म्हणून सोबतीला मला आणलं होतं.

काउंटरवरच्या मुलीने आम्हाला एक रंगीत पत्रक दिलं होतं. वर लिहिलं होतं, 'लेझर शस्त्रक्रिया : गैरसमज आणि सत्य'. भाची डोळे मिटूनच म्हणाली, "मामा, तू वाच ना मोठ्याने. नाहीतरी बसलोच आहोत."

मी पत्रक हातभर लांब धरलं. अक्षरं एकमेकांत मिसळलेली दिसत होती. शर्टाच्या खिशात चाळिशी होती, ती लावली की काम झालं असतं. भाचीचे डोळे मिटलेले होते, तिला काही दिसणार नव्हतं. तरीही मी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग चाळिशी लावली, भराभर वाचून दाखवलं आणि तिने डोळे उघडायच्या आत ती पुन्हा खिशात टाकली.

असं मी का केलं, याचा विचार गेले काही आठवडे करतो आहे.

पत्रकात सात गैरसमज होते. लेझरने डोळा भाजतो. ऑपरेशन फार दुखतं. दृष्टी जाऊ शकते. डोळे कायमचे नाजूक होतात. महिनाभर घरी बसावं लागतं. मुलींनी लग्नाआधी करू नये, बाळंतपणात त्रास होतो. वर्षभरात नंबर पूर्ववत होतो. प्रत्येकाखाली दोन ओळींत उत्तर होतं, आणि मला जेवढं कळतं त्याप्रमाणे सातही उत्तरं बरोबर होती. खोटं काहीच नव्हतं. पण नंतर माझ्या लक्षात आलं की हे सातही गैरसमज भीतीचे आहेत. जे बाळगल्यामुळे माणूस ऑपरेशन करून घेत नाही, तेवढेच गैरसमज त्या कागदावर दूर केले होते. जे बाळगल्यामुळे माणूस ऑपरेशन करून घ्यायला येतो, त्यांतला एकही नव्हता.

*

माझं ऑपरेशन झालं २००३ साली. मी २९ वर्षांचा होतो, नंबर उणे सहा. डोंबिवलीहून रोज सीएसटीला जायचो. चष्मा असलेल्या माणसाचं लोकलमध्ये काय होतं ते इकडच्या वाचकांना सांगायला नको. पावसाळ्यात डब्यात शिरलं की काचांवर वाफ धरते आणि दोन्ही हात वर अडकलेले असल्यामुळे ती पुसता येत नाही. कुणाचा तरी कोपर लागून काडी वाकते. दर महिन्या-दोन महिन्यांनी चष्मा सरळ करून घ्यायला दुकानात जायचं.

जुलैतल्या एका संध्याकाळी दादरला गाडीत चढताना माझा चष्मा पडला आणि पायांखाली गेला. गाडी सुटली, मी फलाटावरच राहिलो. इंडिकेटरवर लाल धुकं दिसत होतं. मी शेजारच्या माणसाला विचारलं, "ही कल्याण आहे का?" त्याने आधी माझ्याकडे, मग इंडिकेटरकडे पाहिलं आणि काही न बोलता तो बाजूला झाला. त्याला बहुधा वाटलं असेल की मी प्यायलेलो आहे. घरी कसा पोचलो ते आज आठवत नाही, पण त्या माणसाची ती एक पावलाची सरक अजून आठवते. सहा महिन्यांनी मी लेझर करून घेतलं.

ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं मिळून पाऊण तासही चाललं नाही. थेंब घालून डोळा बधिर केला. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून तारेची चाप लावली. मग डोळ्यावर एक कडी दाबली गेली आणि काही सेकंद पूर्ण अंधार झाला. ब्लेडच्या यंत्राने बुबुळावरच्या पारदर्शक थराची एक पातळ चकती कापून, बिजागरीसारखी एका बाजूला उलटली. तेव्हा हा काप ब्लेडनेच व्हायचा, आज तो बहुतेक ठिकाणी दुसऱ्या एका लेझरने करतात. मग टकटक आवाज सुरू झाला आणि जळक्या केसांसारखा वास आला. मला वाटलं, झालं, डोळा भाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटा दिसला. मी पलंगावर बसून तो फिरताना बराच वेळ बघत राहिलो. तो आनंद खरा होता आणि त्याबद्दल मला आजही एका शब्दाने माघार घ्यायची नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी लेझरच्या विरोधात आहे.

*

त्या वासाबद्दल मी पुढे बरंच वाचलं. डोळा भाजलेला नव्हता. या कामाला वापरतात ते एक्सायमर लेझर, १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश. तो ऊती जाळत नाही, तिच्यातले रासायनिक बंध तोडतो. तुटलेले रेणू वाफेसारखे उडून जातात आणि आजूबाजूला उष्णता जवळजवळ पोचत नाही. वास येतो तो त्या उडालेल्या कणांचा.

हे कळलं कसं, त्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. रंगस्वामी श्रीनिवासन हे मद्रास विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेलेले रसायनशास्त्रज्ञ आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा प्रयोगशाळेत आणला आणि त्यावर एक्सायमर लेझर सोडला. काप अगदी स्वच्छ पडला, कडेला जळल्याची खूण नव्हती. पुढे स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाबरोबर त्यांनी हे तंत्र बुबुळावर वापरून पाहिलं आणि १९८३ मध्ये त्याबद्दलचा निबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेत अशा शस्त्रक्रियेच्या लेझरला सरकारी मान्यता मिळाली ती १९९५ मध्ये.

म्हणजे 'लेझरने डोळा भाजतो' हा गैरसमज आहे हे पत्रकाचं म्हणणं अगदी खरं. तसंच दृष्टी जाण्याची भीती. जंतुसंसर्ग होतो, क्वचित बुबुळ पुढे कमकुवत होऊन फुगतं, पण तपासण्या नीट केल्या आणि अयोग्य डोळ्यांना परत पाठवलं तर दृष्टी गमावण्याचा प्रसंग अतिशय विरळा. भीतीचे गैरसमज दूर करणं हे चांगलंच काम आहे. त्यांच्यापायी गरज असलेली कितीतरी माणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

पण आता दुसरी यादी बघू. ही मला कुठल्या पत्रकात मिळाली नाही, माझ्या डोळ्यांनीच मला बावीस वर्षांत शिकवली.

पहिला गैरसमज : आता आयुष्यभर चष्मा नाही. आपल्या भाषेत वाचायच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात, यातच उत्तर आहे. डोळ्याच्या आतलं भिंग वयाबरोबर ताठर होतं आणि जवळचं दिसेनासं होतं. लेझर होतं बाहेरच्या बुबुळावर, त्याचा या भिंगाशी संबंध नाही. मला ४३ व्या वर्षी चाळिशी लागली. त्यातही एक गंमत आहे, ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. उणे नंबरवाल्यांना म्हातारपणी एक सवलत मिळते. चष्मा काढला की जवळचं आपोआप दिसतं. माझा गाडीतला एक जुना सोबती उणे तीनचा आहे. तो चष्मा कपाळावर सरकवून पेपर वाचतो आणि मी खिसे चाचपत बसतो. ही सवलत मी २९ व्या वर्षी विकून टाकली होती, आणि ती माझ्याकडे आहे हेही मला माहीत नव्हतं.

दुसरा गैरसमज : डोळा बरा झाला. उणे नंबर असतो कारण बहुधा डोळ्याचा गोळा लांब असतो. साधारण डोळा २४ मिलिमीटरच्या आसपास, माझ्यासारख्याचा त्याहून सुमारे दोन मिलिमीटर जास्त. लेझर बुबुळाचा बाक बदलून किरण योग्य जागी पाडतं, गोळ्याची लांबी तेवढीच राहते. आतला पडदा ताणलेलाच असतो, तो फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका चष्मा गेल्याने कमी होत नाही. चष्मा होता तेव्हा मी दर वर्षी डोळे दाखवायचो. चष्मा गेल्यावर सात वर्षं कुणाकडे गेलो नाही. 'बरा' या एका शब्दाने केलेली ही हानी, आणि तो शब्द डॉक्टरांनी वापरलाही नव्हता.

तिसरा गैरसमज : आता पूर्वीपेक्षा चांगलं दिसेल. दिवसा मला फार छान दिसतं. रात्री मुंब्र्याची खाडी ओलांडताना पलीकडचे दिवे मात्र फुललेले दिसतात, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती कडं असतं. डोळे कोरडे पडतात, एसीत जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लासिक झालेल्यांची पाहणी केली होती, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी असा कुठलाही त्रास नसलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांना तीन महिन्यांनी कडी, फुललेले दिवे, दुहेरी प्रतिमा असं काही ना काही नव्याने दिसू लागलं होतं. त्याच पाहणीत ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या दृष्टीबद्दल समाधानी होते. दोन्ही आकडे खरे आहेत. जाहिरातीत दुसरा येतो.

चौथा गैरसमज : एकदा झालं की विषय संपला. बुबुळाची जाडी मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून थोडीशी जास्त. माझ्या नंबरासाठी त्यातले ऐंशीएक मायक्रॉन कायमचे गेले. ती जाडी परत येत नाही. पुढे मोतीबिंदू झाला की आत कुठल्या ताकदीचं भिंग बसवायचं याचं गणित बुबुळाच्या बाकावरून मांडतात. लेझर झालेल्या डोळ्यात ते नेहमीच्या रीतीने केलं तर चुकतं. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतात, पातळ बुबुळावर तो खरा असतो त्यापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीची मोजमापं जन्मभर जपून ठेवायची असतात. हे मला कळलं ऑपरेशननंतर वीस वर्षांनी, आणि तेही आईच्या डॉक्टरांकडून.

*

आई माझ्याकडे डोंबिवलीला असते. दोन वर्षांपूर्वी तिचा मोतीबिंदू काढला. तपासताना डॉक्टरांनी सहज मला विचारलं, "तुमचं काही झालंय का डोळ्यांचं?" मी लेझरचं सांगितलं. "फाइल आहे ना?" मी हो म्हणालो. फाइल कुठे आहे ते मला माहीत नव्हतं.

आईचं ऑपरेशन फेकोने झालं. फेको म्हणजे अल्ट्रासाउंड. चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ मध्ये हे तंत्र काढलं. दाताच्या डॉक्टरकडे दात साफ करायचं कंप पावणारं यंत्र बघून त्यांना ते सुचलं होतं. मोतीबिंदूचा चुरा करून बारीकशा छिद्रातून ओढून घ्यायचा, इतकंच. आईच्या ऑपरेशनात लेझर कुठेही नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, "लेझरनं केलं हो. टाका नाही, काही नाही."

मी तिला एकदा सुधारायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "तुझं लेझरनं झालं, मग माझं का नाही?" मी गप्प बसलो. तिला दिसत होतं, ती खूश होती, 'लेझर' हा शब्द तिला आवडत होता. ऑपरेशन होऊन गेलेलं होतं, त्या शब्दावर आता कुठलाही निर्णय टांगलेला नव्हता. माझ्या मनाशी मी एक नियमही करून टाकला : जो गैरसमज निर्णयाच्या आधी असतो तो दूर केलाच पाहिजे. जो निर्णयानंतर उरतो आणि नुसता सुख देतो, तो असू द्यावा.

महिन्याभराने आमच्या सोसायटीतल्या एक काकू भेटल्या. त्यांच्या यजमानांचा मोतीबिंदू पिकला होता. एका ठिकाणी साधं फेको सांगितलं होतं, तर दुसरीकडे लेझरने करायचं आणि त्याचे बरेच जास्त पैसे सांगितले होते. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईंचं लेझरनंच झालं ना? किती छान झालं. आम्ही तेच करणार." लेझरच्या मदतीनेही मोतीबिंदू काढतात, त्यात सुरुवातीचे काप लेझर घेतं, पण चुरा ओढून काढण्याचं काम बहुतेक वेळा पुन्हा अल्ट्रासाउंडलाच करावं लागतं. ते घ्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण काकू आईच्या अनुभवाच्या भरवशावर निर्णय घेत होत्या, आणि आईचा तो अनुभव घडलेलाच नव्हता.

माझा नियम तिथेच मोडला. आईपुरता जो नुसता दिलासा होता, तो जिन्याच्या दोन मजल्यांवर जाऊन काकूंचा निर्णय झाला होता. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या जरा नाराज झाल्या आणि आई माझ्यावर दोन दिवस. तेव्हापासून मला वाटतं की 'निर्णयानंतरचा गैरसमज' असं काही नसतंच. आपण आपल्या अनुभवाबद्दल जे बोलतो ते कुणाच्या तरी निर्णयाच्या आधी बोललेलं असतं.

*

रुग्णाला किती सांगावं, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आलेला आहे. २००८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात निकाल दिला. एका स्त्रीला दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. न्यायालयाने म्हटलं की सज्ञान रुग्णाची संमती तिचीच हवी आणि त्याआधी तिला पुरेशी माहिती दिलेली हवी. 'पुरेशी' म्हणजे किती? इथे न्यायालयाने सावध भूमिका घेतली. दूरदूरचे सगळे धोके सांगायलाच हवेत असं नाही, कारण त्यांना घाबरून रुग्ण आवश्यक उपचार नाकारू शकतो.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या नादीन मॉन्टगोमेरी यांच्या खटल्यात, वेगळं पाऊल उचललं. त्यांना मधुमेह होता, अंगकाठी लहान होती आणि प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता नऊ ते दहा टक्के होती. डॉक्टरांनी ती सांगितली नाही, कारण सांगितलं तर बायका सिझेरियनच मागतील. बाळाला कायमची इजा झाली. न्यायालयाने म्हटलं की त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगितलंच पाहिजे. 'सांगितलं तर ती वेगळा निर्णय घेईल' हेच सांगण्याचं कारण आहे, लपवण्याचं नव्हे.

मला आपल्या न्यायालयाच्या सावधपणामागचं कारण पटतं. जिथे उपचार आवश्यक आहे आणि माणसं आधीच घाबरलेली आहेत, तिथे प्रत्येक विरळा धोका वाचून दाखवणं क्रूरपणा ठरू शकतो. माझ्या आईला मोतीबिंदूच्या आधी कुणी तशी यादी दिली असती तर ती घरी पळाली असती आणि हळूहळू आंधळी झाली असती. पण या युक्तिवादातला कळीचा शब्द 'आवश्यक' हा आहे. नंबर घालवण्याचं लेझर त्यात बसत नाही, कारण चष्मा नावाचा उपाय हाताशी आहे. आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या प्रमाणित नियमांतही साडेसातपेक्षा कमी नंबरासाठी केलेला असा खर्च वगळलेला असतो. विमा कंपनीच्या लेखी ही गरज नाही, हौस आहे. दादरच्या फलाटावर उभा असलेला मी हे मान्य केलं नसतं, पण एवढं खरं की न केल्याने काही बिघडणार नव्हतं. आणि जिथे न केल्याने काही बिघडणार नाही, तिथे भीतीचा बाऊ नको म्हणून माहिती झाकायचं कारणच उरत नाही. तिथे तर सगळं सांगायला हवं.

यावर कुणी म्हणेल, सगळं तरी कुणाला माहीत असतं? रास्त आहे. जपानमध्ये त्सुतोमु सातो या नामवंत नेत्रतज्ज्ञांनी गेल्या शतकाच्या मध्यावर नंबर घालवण्यासाठी बुबुळाला आतल्या बाजूनेही काप घेतले. सुरुवातीला रुग्णांना चांगलं दिसू लागलं. आतल्या पेशींचा थर बुबुळ स्वच्छ ठेवतो आणि एकदा गेला की पुन्हा वाढत नाही, हे तेव्हा कळलेलं नव्हतं. साधारण वीस वर्षांनी बऱ्याच जणांची बुबुळं पांढरी पडली. सातोंनी काही लपवलं नव्हतं. जे कुणालाच माहीत नाही ते न सांगणं हा दोष नव्हे. पण माहीत असलेलं, विचारलं तर सांगू, म्हणून मागे ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. मी माझ्या चाळिशीचं तेच केलं होतं.

*

भाचीच्या तपासण्या चांगल्या आल्या. बुबुळाची जाडी पुरेशी, नकाशात काही वावगं नाही, नंबर दोन वर्षं स्थिर. आतल्या डॉक्टर भल्या होत्या, विचारलं असतं तर त्यांनी सगळं सांगितलं असतं. पण विचारायचं काय हे भाचीला माहीत नव्हतं आणि ज्याला माहीत होतं तो गप्प बसला होता. बाहेर आल्यावर पॅकेज आणि हप्त्यांबद्दल बोलणं झालं. एवढ्यात ताईचा फोन आला. "करून टाक म्हणावं. स्थळं बघायला लागायच्या आत उरकलेलं बरं."

आपल्याकडच्या वधूवर मंडळांच्या अर्जात उंची, वर्ण, रक्तगट यांच्या ओळीत 'चष्मा' असा एक रकाना असतो. आहे किंवा नाही. भाचीला त्यात 'नाही' लिहायचं होतं, आणि लेझरनंतर ते खरंच असतं. तरी ते वाक्य मला बोचलं. तो रकाना कशासाठी आहे? दिसण्यासाठी असेल तर उत्तर पुरेसं आहे. पुढच्या पिढीच्या डोळ्यांसाठी असेल, तर लेझरने फक्त तिचं बुबुळ बदललं आहे, मुलांना जे द्यायचं ते तसंच राहिलं आहे. खरं उत्तर लिहूनही विचारणाऱ्याचा गैरसमज होतो, तेव्हा दोष उत्तराचा की प्रश्नाचा? मला वाटतं तो रकानाच काढून टाकावा. पण तो काढणं माझ्या हातात नाही. भाचीशी बोलणं होतं.

थेंबांमुळे तिला उजेड सहन होत नव्हता, म्हणून लगेच गर्दीत शिरण्यापेक्षा आम्ही तलावपाळीला जाऊन बसलो. अंधार पडला, तलावाच्या कडेचे दिवे लागले. ती म्हणाली, "मामा, सगळे दिवे फुटल्यासारखे दिसतायत. भोवती कडी आहेत."

"थेंबांमुळे. बाहुली मोठी झालीय. सकाळपर्यंत जाईल." मग मी म्हणालो, "मला रोज रात्री असेच दिसतात. याच्यापेक्षा थोडे कमी."

ती माझ्याकडे वळली. मी खिशातून चाळिशी काढली आणि आमच्या दोघांच्या मध्ये कठड्यावर ठेवली. मग तिला ती दुसरी यादी सांगितली. चाळिशी, लांब राहिलेला डोळा, दिवे, कोरडेपणा, फाइल. पाहणीतले दोन्ही आकडे सांगितले. घड्याळाच्या सेकंदकाट्याचंही सांगितलं आणि पुन्हा वेळ आली तर बहुधा मी पुन्हा करून घेईन हेही सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "हे तू सकाळी का नाही सांगितलंस?"

याचं उत्तर मला तिथे सुचलं ते असं. मी २००३ साली जो निर्णय घेतला, तो मला आजही बरोबर वाटायला हवा आहे. भाचीनेही तोच घेतला असता तर माझ्या बाजूने आणखी एक मत पडलं असतं. एवढ्यासाठी मी चाळिशी लपवली. दवाखान्याला पत्रक छापताना धंद्याचा स्वार्थ असतो, तो आपल्याला चटकन दिसतो. ज्याने एखादी गोष्ट करून घेतली आहे, त्याचाही ती चांगलीच होती असं सांगण्यात स्वार्थ असतो, आणि अशा माणसाला आपण 'अनुभवी' म्हणून सोबत नेतो. लेझरचंच असं नाही. घर घेतलेला, परदेशी गेलेला, मुलाला अमुक शाळेत घातलेला, अमुक कोर्स केलेला, कुणालाही विचारून पाहा. भीती कशी खोटी निघाली हे तो हौसेने सांगेल. आशा कुठे खोटी निघाली ते मुद्दाम विचारावं लागेल.

तिला मी एवढं सगळं बोललो नाही. "मला लाज वाटली चाळिशीची," एवढंच म्हणालो. ते खोटं नव्हतं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. डोंबिवली यायच्या आधी म्हणाली, "मी करणारच आहे बहुतेक. पण स्थळांसाठी आत्ताच्या आत्ता नाही. आईला तू सांग." मी हो म्हणालो. ताईला सांगणं सोपं गेलं नाही, पण तो वेगळा विषय.

त्या रविवारी मी माळ्यावर चढलो. चाळिशी लावून दोन तास जुने कागद उपसले. एलआयसीच्या पावत्या, आईच्या एक्सरेंचे लिफाफे, मुलाच्या शाळेची प्रगतिपुस्तकं. शेवटी फाइल सापडली. कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, आकडे मात्र वाचता येत होते. उजवा, डावा, बाक, जाडी. मी त्याचे मोबाइलवर फोटो काढले आणि भाचीला पाठवले. खाली लिहिलं, 'तुझं झालं की असे कागद मागून घे. तुला साठीत लागतील.'

तिचं उत्तर आलं, 'तू पण जपून ठेव. तुला आधी लागतील.'